तातडीचं आणि सवडीचं

माझ्या सुनेने माझ्यावर आजवर एकदाही आवाज चढवलेला नाही. चढवायला हवा होता, असं मलाच कितीदा तरी वाटलं. मागच्या हिवाळ्यात तर तिने इतका राग गिळला की आठवडाभर तिला दुसरं काही गिळायची गरजच पडली नाही. कारण झालो आम्ही नवरा-बायको, आणि निमित्त झाला विद्यापीठातला एक विषय.

विषयाचं नाव इतकं लांबलचक की वर्गाच्या दारावर मावेना, म्हणून उरलेलं भिंतीवर रंगवलंय. तुम्ही शपथ घालणार असाल तर सांगतो, शेवटचा शब्द जिन्यात आहे. थोडक्यात म्हणजे संगणकाला माणसांची भाषा शिकवायची, पण व्याकरण घोकून नव्हे, आकडेमोड करून.

"त्याला कळत काही नाही, बाबा," सून मला समजावत होती. "तो फक्त मोजतो. कुठला शब्द कुणाच्या संगतीत किती वेळा आला, कशा पत्रात आला, एवढंच. त्यावरून पुढचं पत्र कसलं असेल याचा अंदाज बांधतो."

"म्हणजे आमच्या मोठ्या साहेबासारखा. त्यालाही कळायचं काही नाही. पण तो मोजायचाही नाही."

ती हसली नाही. तिचा हा विषय दुसऱ्यांदा चालला होता. विमा कंपनीतली बसून खायची नोकरी सोडून ती तिशीत पुन्हा शिकायला गेली. बाकी सगळे विषय सुटले, हा एकच राहिला. मागच्या वर्षी तिने आणि वर्गातल्या एका मैत्रिणीने मिळून प्रकल्प केला. मैत्रिणीने स्वतःचं काम करायचं सोडून हिच्या कागदावरून उतरवून काढलं, हिला त्याचा पत्ताच नाही. मास्तरांनी पकडलं, आणि सुक्याबरोबर ओलंही जळलं. आता यंदाही नापास झाली तर नावच कापणार होते. तीन वर्षं पाण्यात. माझा मुलगा जहाजावर इंजिनं दुरुस्त करतो, तो वर्षातून आठ महिने घरी नसतो. म्हणजे ही तीन वर्षं तिने आमच्याबरोबर काढली होती, त्याची भरपाई तर कुठलंच विद्यापीठ देत नाही.

यंदाचा प्रकल्प असा. पाणीपुरवठा कार्यालयाकडे आलेली तीनशे जुनी तक्रारपत्रं, नावं-पत्ते खोडलेली. प्रत्येक पत्रावर माणसाने खूण करायची: तातडीचं की सवडीचं. अशी खुणा केलेली पत्रं मग संगणकाला दाखवायची, म्हणजे तो मोजून मोजून शिकणार आणि पुढची पत्रं आपली आपण निवडणार. पण मास्तरांची अट होती. खुणा दोन माणसांनी करायच्या, वेगवेगळं बसून. ती वर्गाबाहेरची हवीत, आणि दोन निराळ्या धंद्यांतली. दोघांच्या खुणांची जुळणी मोजायची, आणि ती ०.६० च्या वर आली तरच पुढे जायचं. दोन शहाण्या माणसांचं जे जुळत नाही ते यंत्र काय कपाळ शिकणार, असं मास्तरांचं म्हणणं.

निराळ्या धंद्यांतली दोन माणसं घरातच होती. मी चौतीस वर्षं त्याच पाणीपुरवठ्याच्या तक्रार खिडकीवर बसलो. माझ्या खिडकीसमोर एकदा एक गृहस्थ असे कडाडले की टेबलावरच्या कपातला चहा पुन्हा उकळला. मी तो प्यायलो आणि त्यांचा अर्ज लिहून घेतला. बायको अपघात विभागात नर्स होती. ती वॉर्डात शिरली की पेशंटचे खोकलेसुद्धा रांगेत उभे राहायचे.

"आपापसात एक अक्षर बोलायचं नाही," सुनेने बजावलं. "एकमेकांचे कागद बघायचे नाहीत. खूण करायची आणि पान उलटायचं."

"न बोलायची सवय आहे आम्हाला," बायको म्हणाली.

मी जेवणाच्या टेबलावर बसलो, ती आतल्या खोलीत. तीन दिवस घरात फक्त पेन्सिलींचा आवाज. चौथ्या दिवशी सुनेने आकडे मोजले.

"किती?" मी विचारलं.

"शून्य पूर्णांक अकरा."

"पैकीच्या पैकी म्हणजे किती असतं?"

"एक." तिने चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला, पुन्हा काढला. "बाबा, दोघांनी डोळे मिटून वाटेल तशा खुणा केल्या असत्या, तर शून्य आलं असतं."

"म्हणजे अकरा वर आहोत की!"

"अकरा नाही. शंभरातले अकरा भाग... जाऊ दे." तिच्या मानेवरची शीर थाडथाड उडत होती. तेवढ्यात आतून बायको आली आणि म्हणाली, "यांनी सगळ्या शिव्या तातडीच्या केल्या असणार, बघ."

"आणि हिने सगळ्या सवडीच्या!"

"आई, बाबा," सून म्हणाली, "बोलायचं नाही असं ठरलंय."

मग तिने सूचना लिहिल्या. चार पानं. तातडीचं म्हणजे काय, सवडीचं म्हणजे काय, उदाहरणं, अपवाद, अपवादांचे अपवाद. विम्याच्या कचेरीत आठ वर्षं काढल्याचं ते फळ. आम्ही दोघांनी मान डोलावत त्या वाचल्या. मी तर दोनदा वाचल्या, कारण पहिल्यांदा चष्मा बायकोचा होता. पत्रं तीच, कागद कोरे. पुन्हा तीन दिवस पेन्सिली.

या खेपेला आकडा आला आणि सुनेने संगणक बंद करून पुन्हा चालू केला. मग आकडे हातांनी मोजले. मग पेन्सिलने कागदावर मांडून पाहिले. आकडा काही हलेना. उणे ०.३४.

"उणे?" मी म्हटलं. "शून्याच्या खाली?"

"हो."

"म्हणजे डोळे मिटून केलं असतं तर..."

"तर बरं झालं असतं, बाबा." एवढं बोलून ती बाल्कनीत गेली आणि तिने कुंडीतलं एक चांगलं हिरवंगार रोप मुळासकट उपटलं. तण समजून, असं ती पुढे म्हणाली.

मास्तरांना तर हर्षवायू झाला. पंधरा वर्षांत त्यांनी उणे आकडा पाहिलाच नव्हता. उणे येतं पुस्तकात, सिद्धता द्यायला, हाडामांसाच्या माणसांकडून नव्हे. त्यांनी तो वर्गातल्या फळ्यावर कोपऱ्यात लिहिला, भोवती चौकट काढली आणि खाली लिहिलं, 'पुसू नये'. सून दर तासाला त्या चौकटीसमोर बसून वही भरत होती. एका पोराने तिला विचारलं म्हणे, "तुमचे खूण करणारे एकमेकांचे शत्रू आहेत का हो?" ती म्हणाली, "नाही, नवरा-बायको आहेत." त्यावर सगळा वर्ग हसला. घरी येऊन तिने हे सांगितलं तेव्हा ती हसत नव्हती.

"मुदत सोळा दिवसांवर आलीये," ती म्हणाली, आणि दोघांचे दोन्ही वेळचे कागद टेबलावर मांडले. "आता बोलायची परवानगी आहे. आज फक्त मी विचारणार. बाबा, हे सत्तेचाळीस नंबर. 'तुमच्या नळांना गंज चढो आणि तुमच्या साहेबाच्या घशाला कोरड पडो.' पहिल्या वेळी तुम्ही तातडीचं म्हणालात. दुसऱ्या वेळी सवडीचं. का?"

मी छताकडे बघितलं. छताचा रंग बरा होता.

"आई, तुम्ही याच्या बरोब्बर उलट. आधी सवडीचं, मग तातडीचं. का?"

बायकोने पदर खोचला. "मला वाटलं, हे तसंच लिहिणार. मग म्हटलं, कुणीतरी एकाने जमवून घ्यायला हवं ना. तुझा विषय आहे. म्हणून मी यांच्या डोक्याने विचार केला. सोपं नसतं ते, पण केला, यांच्याहूनही चार पावलं पुढे जाऊन."

"आणि बाबा तुम्ही?"

"मी हिच्या डोक्याने केला," मी म्हटलं. "पोरीचं नुकसान नको म्हणून."

सुनेने बायकोचे पहिल्या वेळचे कागद उचलले, माझे दुसऱ्या वेळचे कागद शेजारी ठेवले आणि बोट फिरवत ओळीने मोजत गेली. तीनशेपैकी दोनशे एक्याऐंशी पत्रांवर तंतोतंत तीच खूण. चाळीस वर्षांच्या संसारात आमचं एवढं कधी जुळलं नव्हतं. मला खरं तर अभिमान वाटला. पण सुनेचा चेहरा पाहून तो मी खिशात ठेवला.

"एकाने तरी आपल्या मताला चिकटून राहायचं ना!" तिचा आवाज चिरकला, चढला नाही. "एकाने तरी!"

"कुणी?" आम्ही दोघांनी एकदमच विचारलं.

तिने कपाळ टेबलावर टेकलं. तिथूनच आवाज आला. "मास्तर सरावाला वेगळी वीस पत्रं देतात. त्यांच्यावर भांडायला परवानगी आहे. उद्या भांडा. हवं तेवढं भांडा. पण या खोलीतून बाहेर पडाल तेव्हा मला एक नियम द्या. चार पानं नकोत. एक नियम."

मग आम्ही भांडलो. ते सांगायला बसलो तर तुमची संध्याकाळ जाईल. सकाळी नऊला सुरू केलं आणि दुपारच्या चहाला सातव्या पत्रावर होतो. शेजाऱ्यांनी दोनदा बेल वाजवली, एकदा चौकशीला, एकदा नुसतंच ऐकायला. सून मध्ये बसून लिहीत होती आणि तिच्या हातातल्या पेन्सिलीचं टोक दर पाच मिनिटांनी मोडत होतं.

आठवं पत्र एका बाईचं होतं. अक्षर बारीक आणि सरळ. 'घाई नाही. चौथ्या मजल्यावर अकरा दिवस पाणी चढत नाही. मी रोज खालून दोन बादल्या आणते. आईला उठता येत नाही. आपल्या सवडीने पाहावे.'

"सवडीचं," मी म्हटलं. "बाईने स्वतःच लिहिलंय. आता तिच्यापेक्षा मी शहाणा का?"

"तातडीचं," बायको म्हणाली. "ओरडतो त्याचा श्वास चालू असतो. मी वॉर्डात गेले की आधी गप्प पडलेल्याकडे जायची. बोंब मारणारा अर्धा तास थांबतो, काही होत नाही त्याला."

"तुझा वॉर्ड वेगळा, माझी खिडकी वेगळी. आमच्याकडे दोन ट्रे होते. बोंब मारणारे उजव्या ट्रेत, 'सवडीने पाहावे' वाले डाव्या. चौतीस वर्षं चाललं सुरळीत."

"आणि डावा ट्रे कधी उघडायचात?"

"शनिवारी."

"शनिवारी तुम्ही घरी किती वाजता यायचात?"

"बाराला," मी म्हटलं.

मला एरवी अशा वेळी एखादा किस्सा आठवतो. तेव्हा आठवला नाही. मी ते पत्र जरा जवळ ओढून पुन्हा वाचलं. दोन बादल्या, चौथा मजला, अकरा दिवस. बावीस बादल्या मोजायला काही यंत्र लागत नाही.

"बरं, तातडीचं," मी म्हटलं. "पण मग हे बघ." आणि मी तिच्यापुढे पहिल्याच पत्राचा कागद सरकवला, ज्याच्यावर तिने 'सवडीचं' म्हणून ठामपणे बोट आपटलं होतं. "या माणसाने पहिल्या तीन ओळींत आमच्या खात्याच्या आईबापांचा उद्धार केलाय. चौथी ओळ वाच."

तिने वाचली. 'मुलाला तीन दिवस ताप आहे.'

"तू चौथ्या ओळीपर्यंत पोचलीच नव्हतीस."

"नव्हते," ती म्हणाली. पदराने तिने चष्मा पुसला. "शिव्या सुरू झाल्या की मी पुढचं ऐकायचीच नाही. वॉर्डातही नाही. म्हणायची, घसा शाबूत आहे, म्हणजे माणूस शाबूत आहे."

सुनेने हळूच नवी पेन्सिल घेतली. अर्ध्या पानात नियम मावला. पत्राचा सूर विसरायचा, गोडही आणि कडूही. दोनच गोष्टी शोधायच्या: पाणी किती दिवस नाही, आणि स्वतः जाऊन पाणी आणू न शकणारं कोणी घरात आहे का. तीन दिवसांच्या वर किंवा असं माणूस घरात, तर तातडीचं. बाकी सवडीचं.

तिसऱ्यांदा पत्रं आली. मी टेबलावर, बायको आत. आकडा आला ०.९१.

सून उठली, तिने आम्हा दोघांना कोरा चहा करून दिला, साखर विसरली. आम्ही गुपचूप प्यायलो. वाटलं, गंगेत घोडं न्हालं. दुसऱ्या दिवशी मास्तरांचा निरोप आला: खूण करणाऱ्या दोघांना घेऊन या.

मास्तरांची खोली म्हणजे एक लांबट डबा, पुस्तकांनी आत सरकत आलेल्या भिंती आणि एकच खिडकी, रंग देताना कायमची चिकटून बसलेली. माणूस बारीक, आवाज त्याहून बारीक.

"उणे ०.३४ वरून ०.९१," ते म्हणाले. "बारा दिवसांत."

"सर, सूचना बदलल्या," सून म्हणाली. "सरावाच्या पत्रांवर चर्चा झाली, त्याची टिपणं जोडलीयेत. मग पुन्हा वेगवेगळं बसून..."

"मागच्या वर्षी तुमच्या आणि मैत्रिणीच्या खुणांची जुळणी ०.९८ होती."

सुनेचे ओठ पांढरे पडले. ती काहीतरी म्हणणार होती, ते तिने परत गिळलं. तीन वर्षांतला सगळा अभ्यास तिने बहुधा त्याचाच केला होता.

"मास्तर," मी म्हटलं, "खरं सांगतो. एका घरात राहूनही आम्ही या पत्रांबद्दल अक्षर बोललो नाही."

"त्यांच्या बोलण्यावर जाऊ नका," बायको म्हणाली. "त्यांना गोष्टी सांगायची सवय आहे. पण या वेळी खरं आहे ते."

मास्तरांनी कपाटातून दोन गठ्ठे काढले. "चाळीस पत्रं. कुणीही न पाहिलेली. आजोबा, तुम्ही इथे बसा. आजी समोरच्या प्रयोगशाळेत. एक तास. चाळीसात आठ ठिकाणी चुकलात तर आकडा बरोब्बर ०.६० येईल, आणि माझी अट त्याच्या वरची आहे. म्हणजे सात चालतील. आठ नाही."

"आणि आठ झाली तर?" सुनेने विचारलं.

"तर मी हा प्रकल्प स्वीकारू शकणार नाही."

तिला बाहेर बाकावर बसवलं. दाराच्या काचेतून मला तिचं डोकं दिसत होतं. ते अजिबात हलत नव्हतं.

पहिली तीस पत्रं मी सरळ कापली. दिवस मोजा, माणूस शोधा, खूण करा. एकतिसावं पत्र असं: 'पाणी आलं, आभार. मात्र ते गढूळ आहे.' बस. ना दिवस, ना आजारी माणूस. नियम म्हणतो 'बाकी सवडीचं', पण गढूळ पाण्याचं नियमात कुठे होतं? माझी पेन्सिल थांबली आणि डोक्यात ताबडतोब बायको बोलायला लागली: गढूळ पाणी म्हणजे कावीळ, कावीळ म्हणजे वॉर्ड भरला. ती तातडीचंच लिहिणार. हात तसा सरकलाही. मग आठवलं की ती याच क्षणी पलीकडे बसून माझा विचार करत असेल, तर ती सवडीचं लिहिणार. आणि तिला जर कळलं की मी तिचा विचार करतोय, तर... चौतीस वर्षं खिडकीवर बसून मला एवढा घाम कधी फुटला नव्हता. शेवटी मी स्वतःला म्हटलं, म्हाताऱ्या, तुला काय वाटतं? मला वाटत होतं, सवडीचं. तशी खूण केली.

तास संपला. मास्तरांनी दोन्ही गठ्ठे समोर ठेवले आणि सुनेला आत बोलावलं. न जुळलेलं प्रत्येक पत्र ते मोठ्याने वाचू लागले. तिसरं. नववं. दहावं. प्रत्येक वेळी सून अंगठा एकेका बोटावर टेकवत होती. चौदावं, बाविसावं. पाच. "एकतीस. आजोबा सवडीचं, आजी तातडीचं." सहा.

"गढूळ होतं हो ते!" बायको म्हणाली.

"आई, प्लीज."

"छत्तीस." सात.

सदतीस, अडतीस, एकोणचाळीस जुळली. मास्तरांनी शेवटचा कागद उलटला. शपथेवर सांगतो, मला आठवेना की मी चाळिसाव्यावर काय लिहिलंय. सुनेचा अंगठा पुढच्या बोटाच्या टोकाशी येऊन थांबला होता.

"आजोबा तातडीचं," मास्तर म्हणाले. दुसरा कागद उचलला, डोळ्यांजवळ नेला. "आजी... तातडीचं."

त्यांनी आकडेमोड केली. ०.६५. पुन्हा केली. तेच. मग प्रकल्पाच्या पहिल्या पानावर सही केली आणि तो सुनेपुढे सरकवला. तिने सही पाहिली, वही मिटली, आणि आनंद वगैरे काही न होता आमच्याकडे वळून म्हणाली, "घरी ०.९१ आणि इथे ०.६५! जीव काढलात माझा."

"छत्तिसावं तुमच्यामुळे चुकलं," बायको मला म्हणाली.

"माझ्यामुळे? त्यात सरळ दोन दिवस लिहिलंय!"

"दोन दिवस आणि आठ महिन्यांचं मूल!"

मास्तर हे सगळं मान इकडून तिकडे वळवत ऐकत होते. पहिल्यांदाच त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी उजळलं. "असं आहे," ते म्हणाले, "वीज कार्यालयाकडून विभागाला आणखी तीन हजार पत्रं येतायत. अशी मन लावून खुणा करणारी माणसं सापडत नाहीत हो. तुमचे सासू-सासरे जर मोकळे असतील, आणि तुम्ही त्यांच्याकडून करून घेणार असाल..."

"मोकळेच आहोत," आम्ही दोघं एकाच श्वासात म्हणालो.

सुनेने सही केलेला कागद उचलला आणि मास्तरांपुढे परत ठेवला.

"सर," ती म्हणाली, "त्यापेक्षा मला नापास करा."